परक्या हाकेला ओ

१

तीन वर्षं माझा नवरा मला चमच्यानं हाक मारत होता.

खाटेशेजारी स्टूल, स्टुलावर स्टीलचा पेला, पेल्यात चमचा. दोनदा वाजला की पाणी हवंय. तीनदा वाजला की पाठीमागची उशी सरकलीय. आणि नुसताच टिणटिण करत राहिला, तर काही नको, करमत नाही म्हणून. अशा वेळी मी मुद्दाम सावकाश जायची आणि दारातूनच विचारायची, "काय सरकार, आरती लागलीय का?" की हे हसायचे. हसले की धाप लागायची. मग मी पाठ चोळत बसायची आणि पुन्हा हसवायचं नाही असं ठरवायची. दुसऱ्या दिवशी परत तेच.

यांचं नाव वीरधवल. नाव एवढं दणदणीत आणि छातीत वारा नाही. साखर कारखान्यात बगॅसच्या यार्डात बारा-तेरा वर्षं काढली. उसाचा तो वाळका भुसा श्वासाबरोबर आत जात राहिला आणि फुप्फुसं कांद्याच्या पातीसारखी वाळली. निदान डॉक्टरांनी मला तरी असंच समजावलं होतं.

त्याच्या आधीचा आवाज मला विचारा. लग्न होऊन वाईहून मी यांच्या मळ्यात आले तेव्हा हे बांधावर उभे राहून "मालेऽऽ" अशी हाक टाकायचे. दीपमालेची माले. ओढ्यापलीकडची म्हातारी मला म्हणायची, "जा बाई, तुजा रेडिओ लागला." मी लाजून मरायची. पण ओ द्यायची, तीसुद्धा तेवढ्याच मोठ्यानं.

पुण्याहून फोन आला, फुप्फुसं मिळतायत, लगेच निघा. त्या दिवशी गाडीत ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून हे म्हणाले, "नवी बसली की पयली हाक तुला. जिन्याखालनं मारतो. तू वरनं ओ द्यायची."

"अख्खी सोसायटी गोळा होईल."

"हू दे."

एवढंच मागितलं होतं मी. देवाला दुसरं काही बोलले नव्हते. मूलबाळ आम्हाला झालं नाही, तेही सोडून दिलं होतं. ती एक हाक तेवढी हवी होती.

२

ऑपरेशन झालं. नळ्या निघाल्या. मळ्यातल्या घरी धूळ, कबुतरं, बैल, म्हणून कराडजवळ मलकापुरात दुसऱ्या मजल्यावर आधीच भाड्यानं घेऊन ठेवलेल्या फ्लॅटवर आलो. मी, हे आणि माझ्या सासूबाई. त्यांचं नाव साळूबाई, आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

सकाळी गोळ्या, मग तीन गोट्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र. नळीतून श्वास ओढला की गोट्या वर जातात. पूर्वी एक गोटी कशीबशी थरथरायची. आता तिन्ही सटकन वर. आत्या टाळ्या वाजवायच्या, जत्रेतला खेळ बघितल्यासारख्या. मग त्या मटणाचं अळणी घेऊन यायच्या. आमच्या भागात बाळंतीण असो नाहीतर हाड मोडलेला माणूस असो, अळणी रस्सा पोटात गेल्याशिवाय अंगात जोर येत नाही. वरून दोन उकडलेली अंडी. हे तोंड वाकडं करून संपवायचे.

रात्री आणि दुपारी मला एकच त्रास व्हायचा, आवाज नसण्याचा. तीन वर्षं त्या करकरणाऱ्या श्वासाची आणि ऑक्सिजनच्या मशीनच्या घरघरीची सवय. आता शेजारी माणूस झोपलाय की नाही कळायचं नाही. मी नाकाखाली बोट धरून बघायची.

"आजून मेलो न्हाई गं," हे डोळे मिटूनच म्हणायचे.

"हाक कधी मारताय?"

"थांब की. टाके ओढत्यात."

मग एका सकाळी खोलीत वास आला. युरियाचा. पोतं फोडून उसाच्या फडात टाकताना नाकात जातो, अगदी तो, डोळ्यात चुरचुरणारा. माझे दीर दिग्विजय त्यांचा टेम्पो खाली लावून वर चहाला आले होते. मी सरळ जाऊन भांडले. "भाऊजी, खताची पोती घेऊन इथं का येता? यांना धूळ चालत नाही, सांगितलंय ना?"

"आवं वयनी, टेम्पो रिकामाय. दोन म्हैने झालं खत भरलं न्हाई."

मी खाली जाऊन ताडपत्री उचलून बघितली. रिकामाच होता. वर आले, खिडक्या उघडल्या, फरशी फिनेलनं पुसली. वास खोलीत नव्हताच. यांच्या तोंडाजवळ वाकले तेव्हा कळलं, तो यांच्या श्वासाला येत होता. मी म्हटलं, एवढ्या गोळ्या पोटात जातायत, काहीतरी वास येणारच.

३

त्याच दिवशी दिवेलागणीला हाक आली.

मी देव्हाऱ्यापुढं निरांजन लावत होते. आतल्या खोलीतून आवाज आला, छातीच्या तळापासून निघालेला, मोकळा, लांब. भांड्यांची मांडणी हलली असं वाटलं मला. काडीनं बोट भाजलं तरी कळलं नाही. इतक्या दिवसांनी! मी उठले, तोंड उघडलं, ओ ओठांवर आली होती.

"अबोलीऽऽ! बारव्वा!"

ओ तिथंच राहिली.

आत गेले. हे खाटेवर बसले होते. तोंड खिडकीकडं, मान ताठ. हाक मारून झाल्यावर माणूस उत्तराची वाट बघत कान देतो ना, तसे.

"कुणाला हाक मारलीत?"

यांनी माझ्याकडं बघितलं. जरा वेळानं ओळख पटल्यासारखा चेहरा झाला. "मी? न्हाई बा."

"अबोली कोण?"

"कोन अबोली?"

"तेच विचारतेय. कुठली भवानी आहे ही?" मी हसून विचारलं, पण आतून कळ आली. खोटं कशाला बोलू, आधी मला बायकांना येतात तेच संशय आले.

"खुळी का काय तू," हे म्हणाले. आणि लगेच, त्याच दमात, "शाळा सुटली आसंल न्हवं? रस्त्याला लय ट्रॅक्टर हायत."

मी स्वतःला समजावलं. बारव्वा म्हणजे कानडीत ये गं बाई. जतच्या पलीकडून येणारे ऊसतोडीचे लोक पोरींना अशा हाका मारतात. यार्डात अशी किती कुटुंबं यायची. कुणाची तरी पोर असेल अबोली, यांच्या डोक्यात राहिली असेल. गोळ्यांनी माणूस थोडं बरळतो, पुण्यातच सांगितलं होतं. सगळं बसत होतं. एकच बसत नव्हतं. यांची हाक मी वर्षानुवर्षं ऐकलेली. ते नावाच्या शेवटी आवाज वर न्यायचे. ही हाक शेवटी खाली उतरली होती. कुणीतरी उतारावर उभं राहून खालच्या रस्त्याला हाक द्यावी, तशी.

आत्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला बाजूला ओढलं.

"ओ दिलीस का?"

"नाही."

"बरं केलंस. दुसऱ्याच्या नावाच्या हाकेला ओ देऊ नगं, पोरी. तिन्हीसांजेला तर न्हाईच. हाक मारनाऱ्याला वाटतं, मानूस गावलं. मग त्यो हालत न्हाई."

"आत्या, तुमचा मुलगा आहे तो आत."

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हनूनच सांगतीया."

मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, फुप्फुस म्हणजे मोटारीचा पार्ट, खराब झाला, बदलला. कुणाचं होतं ते विचारायचं नसतं, सांगतही नाहीत. त्या अळणी गरम करायला निघून गेल्या.

४

मग रोज दिवेलागणीला. रोज तीच हाक, तोच उतार. पुण्याला फोन केला तर म्हणाले, उद्याच्या उद्या कराडला रक्त तपासा, रिपोर्ट पाठवा. तपासलं. किडनी बरी, साखर बरी. तपासायला सांगितलं ते सगळं बरं होतं.

पण यांचे हात फडफडायला लागले. पाण्याचा पेला धरायला हात पुढं केला की पंजा मनगटातून गळायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा गळायचा. शर्टाची बटणं चुकायची. गोट्यांचं यंत्र हातात दिलं तर उलटं धरून बघायचे. एकदा मी पेला आणि चमचा स्टुलावर ठेवला, जुन्या सवयीनं, आणि म्हटलं, "वाजवा बघू, मी स्वयंपाकघरात जाते."

त्यांनी चमचा उचलला. उलटसुलट बघितला. मला 'आवं' म्हणून, परक्या बाईशी बोलतात तसं विचारलं, "ह्यानं काय करायचं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळत बसले. मळलेलीच परत मळली.

त्या संध्याकाळी हाक थांबेना. एक, दोन, तीन. मग रडू. माझा नवरा आई-बापाच्या आजारपणातही रडलेला मी बघितला नव्हता. हा माणूस हुंदके देत होता.

"पोरगी आली न्हाई वो. आंधार पडाय लागला. मी गेटावर हुभा हाय, तिला दिसंना का मी? कुनीतर बघा की. एवडीशी हाय."

"येईल. झोपा तुम्ही."

"न्हाई, तिला ठावं न्हाई मी हितं हाय ते. अबोलीऽऽ!"

टाके उसवतील एवढी छाती वरखाली होत होती. आत्या दारात मान हलवत होत्या, नको, नको. पण तुम्ही बघितलं असतं ना, तुम्हीही तेच केलं असतं. तो कुणीही असो, त्याची पोर हरवली होती. आणि मला पोर नाही, पण ती हरवली तर काय होतं ते मला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं.

मी दाराआड गेले आणि बारीक आवाजात म्हटलं, "ओऽऽ. आले."

हुंदका मध्येच थांबला. मी डोकावून बघितलं. खाटेवरचा माणूस हसत होता. यांना हसताना डाव्या गालाला खळी पडते. हे हसणं सगळ्या तोंडभर होतं, वरचे दात दाखवणारं, खळी नसलेलं. बापाचं हसणं. मग त्यानं सुटकेचा श्वास सोडला, खोलीभर युरियाचा वास पसरला, आणि तो आडवा झाला.

गाढ झोप लागली. कितीतरी दिवसांनी शांत झोप. दिग्विजय भाऊजी म्हणाले, "आता सुधारनार बघा दादा. झोप म्हंजे निम्मं औशद." आम्ही पायांचा आवाज न करता फिरत होतो. शेजारच्यांना टीव्ही बारीक करायला सांगितला. झोप मोडू नये म्हणून आम्ही जपत होतो, काय सांगू तुम्हाला.

५

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी हे उठले नाहीत. हलवलं, पाणी मारलं, छातीवर हात आपटला. डोळे अर्धे उघडायचे आणि मिटायचे. भाऊजींनी चादरीत उचलून खाली आणलं. कराडला थांबलो नाही, पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं त्या मिरजेच्या हॉस्पिटलात नेलं. वाटेत मी यांच्या कानाशी एकच बोलत होते. हाक राहिलीय, हाक राहिलीय.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली तेव्हाच मी समजले.

"रक्तात अमोनिया फार वाढलाय," त्या म्हणाल्या. "फुप्फुस बदलल्यावर फार थोड्या लोकांना हे होतं. पण झालं की वाईट असतं. अमोनिया मेंदूत जातो, मेंदूला सूज येते. माणूस आधी गोंधळतो, बरळतो, हात फडफडतात, मग झोपतो."

"झोपतो," मी म्हटलं.

"ती झोप नसते."

"कशानं होतं?"

"बऱ्याचदा एक अगदी बारीक जंतू असतो. नव्या फुप्फुसाबरोबर आलेला असू शकतो. तो शरीरातला युरिया फोडतो आणि त्याचा अमोनिया करतो. नेहमीच्या तपासण्यांत तो सापडत नाही. औषधं सुरू केलीत. डायलिसिस लावून अमोनिया काढतोय."

"युरियाचा वास येतो का अशा माणसाला?"

त्यांनी कपाळाला आठी घातली. "तुम्हाला जाणवण्याएवढा सहसा नाही येत."

"आणि हे एका मुलीला हाक मारतात. आम्हाला मुलगी नाही."

"भ्रम होतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग विचारलं, "खायला काय देत होता?"

मी सांगितलं. मटण, अंडी. त्यांनी मान हलवली, रागानं नाही. ऑपरेशननंतर ताकदीचं द्यायलाच सांगतात, त्या म्हणाल्या, तुमची चूक नाही. पण हे असं झालं असताना तेही अंगात अमोनियाच वाढवतं. कुणाला कळणार होतं.

बाहेर आत्या बाकड्यावर बसल्या होत्या, मांडीवर अळणीचा डबा. शुद्धीवर आला की लागेल म्हणून आणलेला.

"काय म्हनली डाक्टरीन? खान्यात काय आलं का?"

त्यांच्या हाताला लसणाचा वास येत होता. आयुष्यभर मी त्यांच्याशी शब्दाला शब्द लावत आले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्याशी खोटं बोलले.

"नाही आत्या. तुमच्या अळणीनंच एवढा तग धरलाय म्हणाल्या."

त्यांनी डबा पोटाशी धरला.

६

आयसीयूत दुपारी थोडा वेळ सोडायचे. यांच्या तोंडात नळी, शेजारी श्वासाचं मशीन, पायाकडं डायलिसिसचं. मी हात धरून उभी राहायची. अमोनिया उतरला म्हणाले, पण सूज उतरत नाही.

एका दुपारी खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. भुतंखेतं दिसावीत अशी वेळच नव्हती. मी काहीतरी बोलत होते, मळ्यातल्या आंब्याचं, कशाचं तरी. आणि आवाज झाला.

टिण.

मी मशीनकडं बघितलं. मशीनचा नव्हता.

टिण, टिण.

यांचा उजवा हात पलंगाच्या स्टीलच्या कठड्याला टेकला होता. बोटातली लग्नाची अंगठी कठड्यावर वाजत होती. दोनदा. थांबून, पुन्हा दोनदा. पाणी.

"अहो," मी ओरडले. "ओ! आहे मी. इथंच आहे."

डोळे मिटलेलेच. पण बोटं थांबली, मी जवळ आल्यावर पूर्वी थांबायची तशी. मग पुन्हा सुरू झाली, आता मोजून नाही. नुसतीच, एकसारखी, मंद. काही नको. करमत नाही.

म्हणजे हे होते. एवढे दिवस खाली कुठंतरी होतेच. त्या मोठ्या आवाजाच्या खाली, चमचा शोधत.

मी वाकून यांच्या कपाळाला गाल लावला. तेव्हा मला छाती दिसली. मशीन ठरल्या लयीत वारा भरत होतं आणि सोडत होतं. छाती त्या लयीत नव्हती. ती आपल्या मनानं फुगली, खूप फुगली, दोन श्वास मावतील एवढी, आणि तशीच थांबली. मशीन किंचाळायला लागलं. गळ्याच्या शिरा ताठल्या. नळीमुळं आवाज नव्हता. पण ती हाक होती, मला सांगायला नको. शेवटी उतारावरून खाली जाणारी.

हात माझ्याशी बोलत होता आणि छाती दुसऱ्या कुणाला तरी हाक मारत होती.

नर्सनं मला बाहेर काढलं. अंगठीचा आवाज दार बंद होईपर्यंत येत होता. पाणीसुद्धा देऊ शकले नाही हो मी.

त्याच संध्याकाळी हे गेले.

७

फ्लॅट अजून सोडलेला नाही. भाऊजी म्हणतात, मळ्यात चला. मी म्हणते, जाऊ. गोट्यांचं यंत्र, गोळ्यांचे डबे, सगळं बांधून ठेवलंय. पेला आत्यांनी राख लावून घासला आणि मांडणीवर पालथा घातला. चमचा बाकीच्या चमच्यांत मिसळला. त्यातला तो कुठला, आता मलाही सांगता यायचा नाही.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं, ज्याची फुप्फुसं होती त्याला मुलगी होती का. त्या म्हणाल्या, आम्हाला माहीत नसतं, आणि असतं तरी सांगता येत नाही. बरोबर आहे. कुठंतरी असेल तर शाळेत जात असेल. बापाची वाट बघून आता तिनंही सोडून दिलं असेल.

आज दिवेलागणीला मी निरांजन लावत होते. आत्या माळ घेऊन बसल्या होत्या. आतल्या रिकाम्या खोलीतून हाक आली.

"अबोलीऽऽ!"

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी वाटच बघत होते. मी नाव बदलायची वाट बघत होते. एवढा वारा भरलाय छातीत, एकदा तरी माझं नाव घेतील. घेतलं नाही. पुन्हा तेच नाव, तोच उतार.

आणि त्या आवाजाच्या खाली, अगदी खाली, टिण. टिणटिण. टिणटिणटिण. दोन नाही, तीन नाही. नुसतंच.

आत्यांनी माझं मनगट धरलं. बोटं गार पडली होती.

"पोरी, ओ देऊ नगं."

"आत्या, चमचा ऐकलात?"

त्यांचे डोळे भरले. आई आहे ती. "ऐकला," त्या म्हणाल्या.

"मग?"

त्यांची बोटं माझ्या मनगटावरून सुटली, एकेक करून. मी ओढणीला हात पुसले. सावकाश गेले, मुद्दाम, नेहमीसारखी. आत अंधार होता, युरियाचा वास दारापर्यंत आला होता. मी उंबऱ्याशीच थांबले आणि विचारलं,

"काय सरकार, आरती लागलीय का?"

चमचा थांबला. हाकही थांबली.

आणि आत कुणीतरी हसलं. पोटभर, कितीतरी वेळ, धाप न लागता.